‘मॅडम, गाडी विकलीत का?’

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या वाचक भगिनी ४३ वर्षांच्या आहेत, पुण्यातल्या एका सहकारी बँकेत अधिकारी आहेत. घर कोथरूडला, शाखा शिवाजीनगरला, अंतर साडेसहा किलोमीटर. नऊ महिन्यांपूर्वी स्कूटर गॅरेजला होती म्हणून त्यांनी मुलाची पडून असलेली सायकल काढली, आणि तेव्हापासून आठवड्यातले चार दिवस त्या सायकलनेच कामाला जातात. स्कूटरने पंचवीस मिनिटं लागतात, सायकलने बत्तीस. ‘डोकं शांत होऊन घरी येते,’ असं त्या लिहितात. तक्रार आहे ती लोकांच्या प्रश्नांची. गाडी विकलीत का? डॉक्टरांनी सांगितलंय का? साहेबांची नोकरी ठीक आहे ना? आयर्नमॅन (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग लांब शर्यत) करणार का? प्रत्येकाला त्या सांगतात, ‘अहो, घरी दोन-दोन गाड्या आहेत.’ मध्यंतरी वरिष्ठ म्हणाले, ‘पुढच्या वर्षी शाखा तुमच्याकडे येईल, जरा रुबाब सांभाळा.’ आणि गेल्या महिन्यात त्या सायकलवरून माहेरी, कसब्यात गेल्या. वडील ७७ वर्षांचे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते आणि निवृत्त होईपर्यंत सायकलनेच गेले. मुलगी कॉलेजला गेली तेव्हा सोसायटीचं कर्ज काढून त्यांनी तिला स्कूटी घेऊन दिली होती. तिला सायकलवर बघून ते काही बोलले नाहीत. रात्री आईला म्हणाले, ‘पोरीला सायकलवर बघायचं नव्हतं मला.’ सायकल सोडून द्यावी का, आणि नाही सोडली तर लोकांना काय सांगावं, असं त्यांनी विचारलं आहे.

तुमचं पत्र वाचताना मी बाबांच्या त्या वाक्यापाशी बराच वेळ थांबले. तिकडे येतेच. पण आधी ऑफिसातल्या प्रश्नांचं बघू, कारण ते त्यामानाने सोपे आहेत.

असाच एक प्रश्न मीही एकदा विचारलेला आहे. आमच्या सोसायटीतले एक शिक्षक सकाळी सायकल काढताना दिसले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘पेट्रोल परवडेनासं झालं का हो सर?’ सर हसले. ‘नाही हो, शाळा जवळ आहे,’ म्हणाले आणि टांग मारून गेले. मला दिवसभर चुटपुट लागून राहिली. त्यांना हिणवावं असं माझ्या मनात कधीच नव्हतं. समोर दिसलं त्याचा अर्थ लागेना, आणि जो पहिला सुचला तो मी बोलून मोकळी झाले.

मोठ्या माणसाने सायकल चालवायची आपल्याकडे दोनच कारणं मान्य आहेत, नाइलाज आणि हौस. दूधवाल्याची, वॉचमनची, बांधकामावरच्या मिस्त्रीची सायकल नाइलाजाची. रविवारी पहाटे रंगीत जर्सी घालून सिंहगडाकडे निघालेल्यांची सायकल हौसेची, आणि तिची किंमत ऐकून लोक आदराने मान डोलावतात. नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करण्याची ‘रॅम’ शर्यत जोडीने पूर्ण केली, २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने केली. फार मोठी कामगिरी आहे ती. पण त्यामुळे सायकल म्हटली की पल्ला, पदक, तयारी हेच डोळ्यांपुढे येतं. तुम्ही मात्र साधा कॉटनचा ड्रेस घालून, कॅरियरला डबा अडकवून, सोमवारी सकाळी साडेनऊला नळस्टॉपच्या सिग्नलला उभ्या असता. नाइलाज म्हणावा तर तसं दिसत नाही, हौस म्हणावी तर जर्सी नाही. मग बघणारा मधली रिकामी जागा आपल्या परीने भरतो. कुणी आजार भरतो, कुणी हप्ते, कुणी आयर्नमॅन. कुठेतरी जायचंय म्हणून माणूस सायकलवर बसलाय, हे सगळ्यात साधं कारण शेवटपर्यंत सुचत नाही.

२०११च्या जनगणनेत, लोक कामाला कशाने जातात हेही विचारलं होतं. शेतीबाहेर काम करणाऱ्यांत सायकलने जाणारे सुमारे १३ टक्के निघाले, म्हणजे अडीच कोटींहून जास्त माणसं. स्कूटर-मोटरसायकलने जाणाऱ्यांपेक्षा ते किंचित जास्तच होते. आकडा जुना आहे, त्यानंतर गाड्या खूप वाढल्या. पण तुम्ही काही जगावेगळं करत नाही आहात, एवढं तरी त्यातून कळतं. बाकीच्यांना ‘सायकलने का आलात’ असं कुणी विचारत नाही, तुम्हाला विचारतात, इतकाच फरक.

आणि म्हणूनच तुमच्या त्या ठरलेल्या उत्तराबद्दल मला बोलायचं आहे. ‘घरी दोन-दोन गाड्या आहेत.’ हे उत्तर का येतं ते मला कळतं. आपल्याबद्दल चुकीचा समज झाला की तो खोडावासा वाटतोच. पण त्या वाक्यात काय काय आलं ते बघा. सायकल ही गाडी नसलेल्या माणसाची, हे तुम्ही मान्य केलंत, आणि मी त्यातली नाही, एवढंच पुढे जोडलंत. तुमच्या पत्रात एक ओळ आहे. बँकेचे वॉचमन काका रोज तुमची सायकल स्वतःच्या सायकलशेजारी सावलीला लावून ठेवतात, आणि एकदा न सांगता त्यांनी मागच्या चाकात हवाही भरून ठेवली होती. तुम्ही दारात उभ्या राहून कुणालातरी दोन गाड्यांचं सांगत असता, तेव्हा ते काका तिथेच असतात. तुमच्या मनात तसं काहीच नसेल, मला खात्री आहे. तरी त्यांना काय ऐकू जात असेल?

हे उत्तर सोडून द्या. त्याच्या जागी माझ्या सोसायटीतल्या सरांचं घ्या. ‘जवळ आहे, बरं पडतं.’ एवढं म्हणायचं आणि थांबायचं. त्यापुढे पेट्रोल किती वाचलं, धूर किती कमी झाला, वजन किती उतरलं, यातलं काही सांगायचं नाही. खरं असलं तरी नाही. कारण लोकांच्या मनात सायकलवाल्यांबद्दल आणखी एक समज असतो, तो ते बोलून दाखवत नाहीत. ही बाई आपल्याला नावं ठेवते आहे, असा. तुमच्या त्या सहकारी मैत्रिणीने न विचारताच ‘मला हडपसरहून यायचं असतं हो, नाहीतर मीही...’ असं स्पष्टीकरण दिल्याचं तुम्ही लिहिलंय, ते त्यातूनच आलं. अशा वेळी मनापासून म्हणा, ‘हडपसरहून असतं तर मीही नसते आले.’ ते खरंच आहे, आणि तिच्या मनावरचं ओझंही उतरेल.

शिवाय प्रत्येक प्रश्नात टोमणा असतोच असं नाही. ‘आज सायकल का?’ हे पुष्कळदा ‘काय, जेवलात का?’ सारखंच असतं. जेवणाचा तपशील त्यात कुणालाच नको असतो. नऊ महिने असे प्रश्न ऐकून तुमचाही कान तिखट झाला असेल, थोडा विचार करा. नवऱ्याच्या नोकरीची चौकशी मात्र आगाऊपणाची आहे. तिला ‘ते मजेत आहेत’ म्हणून सरळ कामाला लागावं.

डॉक्टरांनी सांगितलंय का, याचं उत्तर ‘नाही’. पण सांगितलं असतं तरी नवल नव्हतं. ब्रिटनमधल्या सुमारे २ लाख ६३ हजार लोकांचा अभ्यास २०१७ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. पाचेक वर्षांच्या त्या काळात सायकलने कामाला जाणाऱ्यांमध्ये, गाडीने किंवा बस-रेल्वेने जाणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी दिसला. सगळा फरक सायकलमुळेच पडला असं अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही, आणि तिथली हवा आणि रस्ते वेगळे. तरीही ‘या वयात गुडघे जातील’ म्हणणाऱ्या काकूंपेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवीन. सायकलवर शरीराचा भार बराचसा सीटवर असतो. गुडघा पुढून दुखायला लागला तर आधी सीटची उंची बघा. सीटवर बसून पॅडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. बहुतेक बायका सीट फार खाली ठेवतात, पाय जमिनीला टेकावेत म्हणून. ही सायकल मुलाची, तेव्हा हे नक्की तपासा.

आता वरिष्ठांचा ‘रुबाब’. इथे मी तुम्हाला ‘दुर्लक्ष करा’ म्हणणार नाही. सहकारी बँकेत शाखा मिळणं ही लहान गोष्ट नाही, आणि अशी मतं वरपर्यंत पोचतात. पण त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी एकत्र झाल्या असतील, त्या वेगळ्या करून घ्या. एखाद्या दिवशी केबिनमध्ये जाऊन शांतपणे विचारा, ‘सर, सायकलमुळे माझ्या कामात काही अडचण दिसली का?’ आवाजात धार नको, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारा. घाम, चुरगळलेले कपडे, उशीर, अचानक कर्जदाराकडे जावं लागणं, यातलं काही ते म्हणाले तर त्यावर उपाय आहेत. काहीच नाही म्हणाले, तर राहिलं ते त्यांचं मत. ते ऐकून घ्यायचं आणि आपलं काम चोख ठेवायचं. ज्या दिवशी मुख्य कार्यालयात बैठक असेल किंवा बाहेर दोन भेटी असतील, त्या दिवशी स्कूटर काढा. त्यात हार कसली? साधन कामाप्रमाणे निवडायचं असतं, आणि तुम्ही तसंही आठवड्यातून एक-दोन दिवस तेच करता आहात.

घामाचं म्हणाल तर तो बहुतेक वेळा घाईचा असतो. दहा मिनिटं आधी निघा, गिअर हलका ठेवा, शेवटचा अर्धा किलोमीटर अगदी रमतगमत या. पाठीवरची सॅक काढून टाका, निम्मा घाम तिथेच येतो. कॅरियरच्या बाजूला लावायची पिशवी मिळते, ती घ्या. एक इस्त्रीचा ड्रेस, पंचा आणि कंगवा ऑफिसच्या कपाटात कायमचा राहू द्या.

आई आणि नवरा ‘जीव धोक्यात घालतेस’ म्हणतात, ती काळजी मात्र इतर प्रश्नांच्या ढिगात टाकू नका. तो समज चुकीचा आहे असं मी म्हणूच शकत नाही. पुण्याच्या रस्त्यावर सायकलवाल्याला कुणी मोजत नाही. महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमाराला ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकली आल्या आणि बघता बघता दिसेनाशाही झाल्या. सायकल ट्रॅक आहेत, पण कुठे त्यावर गाड्या लावलेल्या, कुठे मध्येच विजेचा डीपी. त्यामुळे ‘ट्रॅक असताना रस्त्यावर कशाला?’ असं हॉर्न वाजवून विचारणाऱ्याने एकदा त्या ट्रॅकवरून चालून बघावं, असं मला फार वाटतं.

तेव्हा घरच्यांना शब्दांनी समजावण्यापेक्षा रस्ता बदलून दाखवा. नळस्टॉपपासून कर्वे रस्ता सोडा. लॉ कॉलेज रस्त्याकडून प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांत शिरा आणि भांडारकर रस्त्याला निघा. चार-पाच मिनिटं जास्त लागतील, पण झाडं आहेत आणि बस जवळजवळ नाहीत. नवऱ्याला एका रविवारी त्या रस्त्याने सोबत न्या. सायकल चालवताना कडेच्या गटाराला चिकटून जाऊ नका. चेंबरची झाकणं, खडी आणि उभ्या गाड्यांचे फटकन उघडणारे दरवाजे सगळे तिथेच असतात. दरवाजाएवढं अंतर सोडून, सरळ रेषेत चला, म्हणजे मागच्याला तुमचा अंदाज येतो. थांब्यावर उभ्या असलेल्या बसच्या डाव्या बाजूने कधीही घुसू नका. वळायच्या आधी हात दाखवा आणि एकदा मागे वळून बघा. मागे लाल, पुढे पांढरा दिवा, पावसाळ्यात दिवसासुद्धा. सायकलला हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, तरी घाला. पावसाच्या पहिल्या सरीला रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा पांढऱ्या पट्ट्यांवर आणि लोखंडी झाकणांवर ब्रेक मारू नका. खूपच कोसळत असेल तर रिक्षाने या आणि सायकल काकांच्या सायकलशेजारी रात्रभर राहू द्या.

आता बाबा.

त्यांच्या तरुणपणीचं पुणं सायकलींचं गाव होतं. कारकून, प्राध्यापक, वकील, पूजा सांगणारे गुरुजी, सगळे सायकलवर. महापालिकेचा कर भरल्याचा बिल्ला सायकलला असायचा, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस अडवायचा. मग १९७२ साली बजाजची चेतक आली आणि त्याच वर्षी कायनेटिकची लूना आली, दोन्ही कंपन्या पुण्याच्याच. चेतकसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबले. ज्याचा नंबर लागला त्याने सायकल जिन्याखाली ठेवली, आणि आळीला कळलं की या घराचं बरं चाललंय. सायकल गरिबीची ठरली ती तेव्हापासून, हळूहळू. बाबांनी ते सगळं बघितलं आहे, आणि त्यांचा नंबर कधी लागला नाही. स्कूटीचे हप्ते फेडतानासुद्धा ते स्वतः सायकलवरच जात होते, असं तुम्हीच लिहिलंय.

त्यांना कमीपणा वाटला, हे तुम्ही गृहीत धरलं आहे. कदाचित तसं असेलही. पण मला वाटतं, त्यांना दुसरंच काहीतरी आठवलं असेल. पहिल्या पाळीचा भोंगा गाठायला अंधारात निघणं, जुलैतल्या पावसात वाकडेवाडीतून वारा तोंडावर घेत जाणं, आठ तास उभं राहून परत तेवढंच अंतर मारणं. कसबा ते खडकी हे अंतर तुमच्या कोथरूड ते शिवाजीनगरएवढंच भरतं, जवळपास. ते अंतर त्यांच्या पायांना पाठ आहे. तुम्हाला त्यावर बघून त्यांना तुमचे पाय दुखताना दिसले असतील. हे मी दुरून बोलते आहे. खरं काय ते त्यांना विचारल्याशिवाय तुम्हालाही कळणार नाही, मलाही नाही.

म्हणून विचारा. पण ‘तुम्ही तसं का म्हणालात’ असं नको, त्याने ते गप्प होतील. त्यांच्या सायकलबद्दल विचारा. कुठली होती, कितीला घेतली, पंक्चर कुठे काढायचे, सगळ्यात वाईट दिवस कुठला होता. बोलू द्या. तुमचं पटवून द्यायला जाऊ नका. त्यांना रोज जावंच लागत होतं आणि तुम्ही कधीही स्कूटर काढू शकता, हा फरक फार मोठा आहे, पण तो तुमच्या तोंडून आला तर त्यांना लागेल. तो त्यांना आपोआप दिसू द्या. एखाद्या पावसाच्या दिवशी स्कूटरवरून माहेरी जा, पुढच्या वेळी पुन्हा सायकलवरून. सायकलवरून गेलात की तेलाची बाटली त्यांच्या हातात द्या आणि चेन बघायला सांगा. माणसाने पंचवीस-तीस वर्षं एक चेन सांभाळली असेल तर तो तुमच्या चेनकडे बघून गप्प बसणार नाही. एवढं करूनही ते म्हणाले की मला नाही आवडत, तर ‘बरं बाबा’ म्हणा. त्यांना न आवडणं आणि तुम्ही ते करणं, दोन्ही एका घरात राहू शकतं. सायकल सोडायचं मात्र मला एकही कारण तुमच्या पत्रात सापडलं नाही.

एक प्रश्न तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता विचारला आहे. सलवारीचा घेर चेनमध्ये जातो, दोन सलवारी फाटल्या, रबर लावला तर काचतो. त्याच पत्रात तुम्ही लिहिलंय, बाबा कारखान्यातून आले की आधी वाकून पँटची पत्र्याची क्लिप काढायचे, दारामागच्या खिळ्याला अडकवायचे, आणि घोट्यावर तिचा गोल वळ उठलेला असायचा. ती क्लिप सलवारीला छान बसते. या रविवारी कसब्यात जाल तेव्हा विचारा त्यांना, अजून ठेवली आहे का.